पडून राहिलेलं इंजिन म्हणजे झिजलेलं इंजिन नव्हे

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडिलांची चार सिलेंडरची, कार्बोरेटर आणि पॉइंटवाली (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क असलेली) पेट्रोल गाडी ११ वर्षं शेडमध्ये उभी होती. वडील गेल्यावर तुम्ही ती पुन्हा चालती करायला घेतलीत. नवीन बॅटरी लावली, टाकी साफ न करताच ताजं पेट्रोल ओतलं, आणि गाडी सुरूही झाली. पण एक सिलेंडर मिस करतंय, मागून निळा धूर येतोय, वीसेक मिनिटांत काटा वर जातो, गाडी बंद पडते आणि अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होते. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमध्ये दाबलेल्या हवेचा दाब, घेतलं तर क्रमाने १३०, १२५, ६० आणि १२८ पीएसआय (दाबाचं एकक) आलं. मेकॅनिक म्हणाला, इंजिन संपलंय, उतरवून बोअर करा, म्हणजे सिलेंडर आतून कापून मोठे करा, नाहीतर दुसरं बसवा. तुम्हाला मात्र वडिलांनी चालवलेलं इंजिनच ठेवायचं आहे.

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून हे इंजिन संपलेलं मला अजिबात वाटत नाही. झीज होते तेव्हा ती चारही सिलेंडरची होते, कारण चौघं सारखेच किलोमीटर धावलेले असतात. झिजलेल्या इंजिनात आकडे ९५, ९०, १००, ८५ असे सगळेच खाली बसलेले दिसतात. तुमचे तीन सिलेंडर एकमेकांच्या पाच पीएसआयच्या आत आहेत आणि एकटा तिसरा कोसळलाय. हे बहुधा उभं राहिल्याचं दुखणं आहे. इंजिन बंद करताना ते कुठेही थांबलं तरी एखाद-दोन सिलेंडरचा कुठला ना कुठला व्हॉल्व्ह (हवा आत घेणारी किंवा धूर बाहेर सोडणारी झडप) उघडाच राहतो. त्या फटीतून सायलेन्सरकडची किंवा कार्बोरेटरकडची दमट हवा ११ वर्षं आत जात राहिली. व्हॉल्व्हच्या सीटवर गंज, दांड्यावर चिकटा, पिस्टनच्या रिंगांच्या खाचेत वाळलेलं ऑइल, हे सगळं त्याच एका सिलेंडरच्या वाट्याला येतं.

दुसरा पुरावा तुम्ही जाता जाता लिहून गेलात, पण माझ्या दृष्टीने तो सगळ्यात मोलाचा आहे. ग्लोव्हबॉक्समध्ये वडिलांची वही सापडली आणि तिच्यात प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल, किलोमीटर आणि वरून टाकलेलं ऑइल लिहिलंय. शेवटच्या दोन वर्षांत १००० किलोमीटरला सुमारे पाव लिटर ऑइल लागत होतं. त्या पिढीच्या इंजिनासाठी हे तब्येत चांगली असल्याचं लक्षण आहे. म्हणजे गाडी उभी केली त्या दिवशी रिंगा आणि बोअर ठीक होते. जुनी गाडी हातात आली की मी आधी हेच शोधतो: उभी करताना तिला काय झालं होतं, आणि उभं राहून काय झालं. ही दोन दुखणी वेगळी केली नाहीत तर आपण भलत्याच गोष्टीवर औषध करतो.

हे मी अनुभवातून शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत एका कुटुंबाची अशीच गाडी आली होती, कॉम्प्रेशन कमी आणि धूर भरपूर. मी सरळ इंजिन उतरवलं आणि ब्लॉक बोअरिंगला दिला. पिस्टन धुवायला घेतले तेव्हा दिसलं की दोन पिस्टनच्या रिंगा खाचेत कार्बनने घट्ट बसल्या होत्या, नखाने दाबूनही हलत नव्हत्या. बोअर परत आला तेव्हा कारागिराने कापण्याआधी घेतलेलं माप सांगितलं आणि ते मर्यादेच्या आत होतं. रिंगा मोकळ्या करून ते इंजिन आणखी कितीतरी वर्षं चाललं असतं. कापलेलं लोखंड परत येत नाही आणि मला त्याचं आजही वाईट वाटतं. म्हणून आता माप घेतल्याशिवाय मी कुणाचंही इंजिन खोलत नाही.

आता तिसऱ्या सिलेंडरकडे वळू. तुमचा ६० हा आकडा कसा घेतला ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून तो पुन्हा घ्या. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली, बॅटरी पूर्ण चार्ज, आणि एक्सलरेटर पूर्ण दाबलेला. थ्रॉटल बंद ठेवून सेल्फ मारला तर हवा आत जातच नाही आणि चांगलं इंजिनही आजारी दिसतं. प्रत्येक सिलेंडरला गेजचे पाच-सहा झटके होऊ द्या, आणि शेवटच्या आकड्याबरोबर पहिल्या झटक्याला काटा किती चढला तेही लिहा. पहिल्या झटक्याला फारच कमी आणि मग हळूहळू चढत गेला तर संशय रिंगांवर. सुरुवातीलाच कमी आणि पुढेही फारसा वाढत नाही, तर संशय व्हॉल्व्हवर.

मग त्याच सिलेंडरमध्ये चहाच्या चमच्याइतकं इंजिन ऑइल प्लगच्या भोकातून सोडा आणि पुन्हा मोजा. ६० चे १०० किंवा ११० झाले तर ऑइलने रिंगांची फट भरली, म्हणजे गळती रिंगांतून आहे. ६० चे जेमतेम ६५ झाले तर गळती वरच्या बाजूला, व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटमध्ये (हेड आणि ब्लॉकच्या मधल्या पॅकिंगमध्ये) आहे. गॅस्केट दोन सिलेंडरच्या मधे फुटलं असेल तर शेजारी-शेजारी दोघांचे आकडे पडतात. तुमचे दुसरा आणि चौथा ठणठणीत आहेत, त्यामुळे ती शक्यता मी मागे ठेवतो.

माझा पहिला संशय व्हॉल्व्हवर आहे. टॅपेट कव्हर काढा, प्लग काढलेलेच ठेवा, क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने, चालण्याच्या दिशेने, सावकाश फिरवा आणि तिसऱ्या सिलेंडरचे दोन रॉकर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या पट्ट्या) नीट बघत राहा. निरोगी व्हॉल्व्ह रॉकरबरोबर खाली जातो आणि रॉकरला चिकटूनच वर येतो. अडकलेला व्हॉल्व्ह खाली जातो आणि वर येताना मागे रेंगाळतो. रॉकर आधी वर येतो, मधे फट पडते, पुशरॉड (रॉकरला खालून ढकलणारा दांडा) बोटांनी सैल हलतो, आणि मग कधीतरी व्हॉल्व्ह टक् करून वर येतो, नाहीतर अर्ध्यावरच थांबतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुन्हा सांगावं लागत नाही. असा व्हॉल्व्ह दिसला तर सेल्फ अजिबात मारू नका, पुशरॉड वाकेल. स्प्रिंगच्या आतून दांड्यावर पातळ पेनिट्रेटिंग ऑइल सोडा, रात्रभर मुरू द्या, दुसऱ्या दिवशी पिस्टन खाली असताना लाकडी किंवा नायलॉनच्या हातोडीने व्हॉल्व्हच्या टोकावर हलकेच ठोका आणि पुन्हा फिरवून बघा. दोन-तीन दिवस हेच करावं लागतं. घाई करू नका.

व्हॉल्व्ह मोकळा असेल तर टॅपेटची गॅप, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट, मोजा. गॅप शून्य झाली असेल तर व्हॉल्व्ह सीटवर टेकतच नाही आणि कॉम्प्रेशन पडतं. त्याला इंजिन उतरवायची नाही, फीलर गेज आणि दोन पान्यांची गरज असते. आठ व्हॉल्व्हच्या बहुतेक इंजिनांना नऊचा नियम लागू पडतो: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दबलेला असताना पहिल्याची गॅप लावायची, सातवा दबलेला असताना दुसऱ्याची, बेरीज नेहमी नऊ. गॅपचा आकडा मात्र तुमच्या गाडीच्या पुस्तकातूनच घ्या, गरम इंजिनाचा की थंड इंजिनाचा हेही तिथे पाहून.

ऑइल टाकल्यावर आकडा चढला आणि दोष रिंगांवर आला, तरी लगेच खोलू नका. तिसऱ्या सिलेंडरमध्ये पेनिट्रेटिंग ऑइल घालून तीन-चार दिवस ठेवा, दिवसातून एकदा पुली थोडी हलवा. नंतर प्लगच्या भोकांवर कापड धरून सेल्फ मारा, कारण आत साठलेलं ऑइल पिचकारीसारखं बाहेर येतं. ते न काढता प्लग लावला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. नंतर इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला, कारण ते पातळ ऑइल झिरपून खालच्या ऑइल चेंबरमध्ये उतरलेलं असतं. मग गाडी रस्त्यावर मध्यम लोडवर १००-२०० किलोमीटर चालवा आणि पुन्हा कॉम्प्रेशन घ्या. अडकलेल्या रिंगा अनेकदा एवढ्यावर सुटतात.

निळ्या धुराबद्दल तुम्ही फक्त रंग सांगितलात, वेळ सांगितली नाहीत. निदान वेळेवरून होतं. सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर एक लोट येऊन थांबतो, किंवा उतारावर एक्सलरेटर सोडून गाडी आली आणि पुन्हा दाबल्यावर येतो, तर ऑइल व्हॉल्व्हच्या गाइडमधून (दांडा सरकतो त्या नळीतून) उतरतंय. चढावर जोर लावताना सतत येतो, तर रिंगा. व्हॉल्व्ह स्टेम सील रबरचे असतात आणि रबर किलोमीटरने नाही, वर्षांनी कडक होतं. वडिलांच्या वहीत ऑइलचा खप कमी होता आणि आज धूर आहे, ह्याचं सगळ्यात साधं उत्तर हेच. हे सील हेड न काढता बदलता येतात: पिस्टन थोडा खाली असताना प्लगच्या भोकातून स्वच्छ नायलॉनची दोरी आत भरायची, टोक बाहेर ठेवायचं, मग पुली फिरवून पिस्टन वर आणायचा. दोरी दाबली जाऊन व्हॉल्व्हला खालून आधार देते आणि वरून स्प्रिंग काढता येते.

वीस मिनिटांनी बंद पडणं हा वेगळा आजार आहे, आणि एकाच वेळी दिसतो म्हणून त्याला तिसऱ्या सिलेंडरशी जोडू नका. इथे गाडी बंद पडल्यानंतरची पहिली दोन मिनिटं महत्त्वाची. थंड झाली की पुरावा गेला. त्यामुळे स्पेअर प्लग, पक्कड आणि टॉर्च आधीच जवळ ठेवून गाडी मुद्दाम बंद पडेपर्यंत चालवा.

बंद पडताक्षणी आधी टाकीचं झाकण उघडा. आत हवा ओढल्याचा फुस्स आवाज झाला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय; टाकीत निर्वात तयार होऊन पेट्रोल यायचं थांबतं. आवाज नाही आला, तर एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात बघा आणि थ्रॉटल हाताने एकदा पूर्ण उघडा. पेट्रोलची बारीक धार दिसली तर फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल आहे. धार नाही, तर पेट्रोल पोहोचत नाही. ११ वर्षं उभ्या टाकीच्या तळाशी गंजाचा गाळ असतोच. तो चालताना हळूहळू जाळीवर येऊन बसतो, गाडी बंद पडली की अर्ध्या तासात खाली झडतो, आणि गाडी पुन्हा सुरू होते. तुमच्या वर्णनाशी हे तंतोतंत जुळतं. टाकी उतरवून धुवा. जुन्या पेट्रोलचा वार्निशसारखा वास आला तर कार्बोरेटरही खोला. जेट तारेने कोचू नका, पितळ आहे, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवेचा दाब पुरेसा आहे. पेट्रोलच्या रबरी नळ्या सगळ्या बदला, हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी चालतील अशाच घ्या. आणि डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी वाढलेली दिसली, तर पेट्रोल पंपाचा डायफ्राम (आतला पडदा) फाटून पेट्रोल ऑइल चेंबरमध्ये जातंय. अशा ऑइलवर इंजिन एक मिनिटही चालवू नका, बेअरिंग जातील.

पेट्रोलची धार दिसली, तर स्पेअर प्लग वायरला लावून त्याची बॉडी इंजिनला घट्ट टेकवा आणि सेल्फ मारून ठिणगी बघा. हे करताना सांडलेलं पेट्रोल जवळ नसावं, आणि कार्बोरेटरवर फिल्टर परत बसवलेला असावा. ठिणगी निळी, जाड आणि टच् आवाजाची हवी. पिवळी, बारीक किंवा नाहीच, तर गरम झाल्यावर दगा देणाऱ्या दोन गोष्टी आहेत, कंडेन्सर (पॉइंटवरचा जाळ रोखणारा) आणि कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी). कंडेन्सर हा काडेपेटीहून लहान डबा, पण त्याच्यामुळे मी कितीतरी निर्दोष कार्बोरेटर खोललेले पाहिलेत. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून पॉइंट उघडे-बंद होताना बघा. मोठा फटफटीत जाळ होत असेल आणि पॉइंट काळे-निळे पडले असतील, तर आधी कंडेन्सर बदला. पॉइंट साफ करायला बारीक कानस वापरा, पॉलिश पेपरचे कण मधे अडकतात. नंतर कोरा कागद दोन पॉइंटच्या मधून ओढून घ्या. गॅप बहुतेक जुन्या गाड्यांना ०.४ ते ०.५ मिमी असते. पॉइंटची गॅप बदलली की टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, बदलतं, हे विसरू नका. आधी गॅप, मग टायमिंग.

एकदा रात्री शेडमधले दिवे बंद करून, दार उघडं ठेवून, गाडी सुरू करा आणि बॉनेटखाली बघा. जुन्या प्लग वायरींतून, डिस्ट्रिब्युटरच्या झाकणावरून निळसर ठिणग्या सरपटताना दिसतात. दिवसा ह्यातलं काहीही दिसत नाही.

अर्थिंगकडेही लक्ष द्या. माझ्याकडे एक गाडी आली होती, तिचा सेल्फ जड फिरायचा आणि चोकची केबल हाताला चटका बसेल इतकी तापायची. इंजिन आणि बॉडीला जोडणारी पट्टी आतून गंजून तुटली होती, म्हणून सेल्फचा सगळा करंट चोकच्या केबलमधून परत जात होता. बॅटरीवर आणि सेल्फवर संशय घेऊन आधी दोन्ही बदलून झाले होते.

तापण्याचं म्हणाल, तर आधी काटा खरं सांगतोय का ते थर्मामीटरने तपासा. खरोखर तापत असेल तर इंजिन बंद करून, पंखा थांबल्यावर रेडिएटरच्या जाळीजवळ हात फिरवा. मधेच थंड पट्टा लागला तर तिथल्या नळ्या गाळाने बुजल्यात. थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप) काढून पाण्याच्या भांड्यात टांगा आणि पाणी तापवा, बहुतेक ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडायला लागतात. उघडला नाही तर बदला, काढून टाकू नका. टायमिंग मागे असेल तरीही इंजिन तापतं, म्हणून रेडिएटर उतरवण्याआधी टायमिंग लाइट लावा. हेड गॅस्केटची शंका फेडायला थंड इंजिनात रेडिएटरचं झाकण काढून गाडी सुरू करा. लगेच बुडबुड्यांची रांग लागली आणि थांबत नसली, तर ज्वलनाचा गॅस पाण्यात येतोय. गरम असताना ते झाकण कधीही उघडायचं नाही.

हे सगळं करण्याआधी जुनं ऑइल एका पसरट, स्वच्छ ट्रेमध्ये काढा आणि उन्हात तिरपं धरून बघा. तांबूस-पिवळी चमक दिसली तर बेअरिंगचा धातू आहे. चुंबकाला चिकटलं तर लोखंड. ऑइल प्रेशरच्या जागी साधं मेकॅनिकल गेज लावा. गरम इंजिनात दर १००० आरपीएमला साधारण १० पीएसआय मिळत असेल, आणि जोर लावताना खोल ठोका येत नसेल, तर खालची बाजू खोलायचं कारण नाही.

कामाचा क्रम मी असा ठेवला असता: ऑइल आणि टाकी, मग व्हॉल्व्ह आणि टॅपेट, मग पॉइंट, कंडेन्सर आणि टायमिंग, मग पाणी, आणि कार्बोरेटरचं ट्यूनिंग अगदी शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि फरक काय पडला ते लिहा. कार्बोरेटरचा स्लो स्पीडचा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने आत बसेपर्यंत किती फेरे फिरतो ते मोजा आणि त्या वहीतच नोंदवा. ते सेटिंग बहुधा वडिलांच्याच हातचं असेल, आणि चालू गाडीवर लावलेलं असल्यामुळे तुमच्यासाठी उत्तम सुरुवातीचा आकडा आहे.

गाडी चालायला लागल्यावर ५०० किलोमीटरनंतर टॅपेट पुन्हा मोजा. शिसं असलेल्या पेट्रोलसाठी बनवलेल्या जुन्या हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट मऊ असतात, आजच्या पेट्रोलवर त्या हळूहळू आत धसतात आणि गॅप कमी होत जाते. गॅप तशीच राहिली तर हेडला हात लावू नका. दर वेळी कमीच होत गेली, किंवा तिसऱ्याचा आकडा १०० च्या वर येईना, तेव्हा फक्त हेड उतरवा, सीट कडक धातूच्या बसवून घ्या, आणि पुशरॉड ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने पुठ्ठ्यात खोचून ठेवा. ब्लॉक जागेवरच राहू द्या.